क्यूबसॅटच्या घासलेल्या रेल्सना ग्रीस लावावं का?

बडोद्याच्या कॉलेज-टीमचा प्रश्न: चाचणीच्या डब्यात क्यूबसॅट (छोटा ठोकळ्यासारखा उपग्रह) आत-बाहेर करून त्याच्या रेल्सवरचा, म्हणजे डब्यात सरकणाऱ्या कडांवरचा, थर उडालाय, ग्रीस चालेल का?

नाही. साधं ग्रीस निर्वातात वाफा सोडतं आणि त्या वाफा कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतात. उघडं पडलेलं ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला चिकटून बसू शकतं, त्यामुळे रेल उतरवून पुन्हा हार्ड ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेनं ॲल्युमिनियमवर कडक ऑक्साइडचा थर चढवणं) करून घ्या. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) विचारा, पण 'हार्ड' हे ठासून सांगा, नाहीतर शोभेचा पातळ थर हातात येईल. आणि थराची जाडी मापात धरा.

अँटेनाच्या बिजागरीचं वेगळं. तिथं मोलिब्डेनम डायसल्फाइड हे कोरडं वंगण. ग्राफाइट नको, त्याला निसरडं राहायला हवेतली ओल लागते. मोलिब्डेनमवाला थर मात्र निर्वातात उत्तम, दमट हवेत लवकर झिजतो. म्हणून आपल्या पावसाळ्यात पाहुण्यांना हौसेनं उघडझाप करून दाखवू नका! सिलिका जेल घालून बंद ठेवा.

गुरू ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा मुख्य अँटेना १९९१ मध्ये छत्रीसारखा उघडायचा होता, नीट उघडलाच नाही. ट्रकच्या प्रवासांत पिनांवरचं कोरडं वंगण घासून गेलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.