विचारा, सांगतो : नुसतं चालायचे गेम

बंदूक नाही, शत्रू नाही, गुण नाहीत. एखादं बेट, जंगल किंवा रिकामं घर, आणि त्यात सावकाश फिरणारे तुम्ही. 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणतात त्या गेमबद्दल नागपूरच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

सेलमध्ये 'डिअर एस्थर' घेतला. दीड तासात संपला. पळता येत नाही, काही उचलता येत नाही. याला गेम म्हणायचं का? पैसे परत मिळतील का?
— वाचक, मनीषनगर

हे भांडण जुनं आहे. 'वॉकिंग सिम्युलेटर' हे नावच मुळात टिंगलीतून आलं आणि पुढे चिकटलं. 'डिअर एस्थर' २००८ मध्ये 'हाफ-लाइफ २' या गेमवर केलेलं फुकट मॉड, म्हणजे त्याच गेमचं बदललेलं रूप, होतं, २०१२ मध्ये तो स्वतंत्र विकायला आला. तुम्ही बेटावर एका ठरावीक जागी पोचलात की निवेदनाचा एक तुकडा सुरू होतो. पळता आलं असतं तर पहिला तुकडा संपायच्या आत दुसरा सुरू झाला असता, म्हणून चाल मुद्दाम धीमी ठेवली आहे. शिवाय बऱ्याच जागी अनेक तुकड्यांतून एक आपोआप निवडला जातो. दुसऱ्यांदा फिरलात तर वाट तीच, पण ऐकायला वेगळं मिळेल. एवढं तरी करून बघा.

पैशांचं म्हणाल तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा नियम सरळ आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. म्हणजे तिथून घेऊन १४ दिवस झाले नसतील तर नियमाने तुम्हाला पैसे मिळतील. पण पूर्ण खेळून झालेला गेम परत करणं म्हणजे ताट चाटूनपुसून झाल्यावर भाजी खारट होती म्हणण्यासारखं आहे. यापुढे गेमची लांबी आधी बघून घ्या. 'डिअर एस्थर', 'अ शॉर्ट हाइक' हे दीड-दोन तासांचे. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' दोन-तीन तासांचा, 'फायरवॉच' चार-पाच तासांचा.

'डिअर एस्थर'च्याच निर्मात्यांचा २०१५ चा 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' घेणार असाल तर त्यात पळायची सोय आहे. प्लेस्टेशनवर आरटू बटण दाबून धरायचं, वेग हळूहळू वाढतो. गेममध्ये हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. बाजारात आल्यावर निर्मात्यांना स्वतंत्रपणे खुलासा करावा लागला.

असे गेम लावले की पंधरा मिनिटांत डोकं गरगरतं, मळमळतं. मारामारीचे गेम तासन्‌तास चालतात. मग शांत गेमलाच असं का?
— वाचक, प्रतापनगर

डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय. या भांडणातून मळमळ येते. मारामारीच्या गेममध्ये स्क्रीनच्या मधोमध नेम धरायचं चिन्ह असतं आणि नजर त्यावर खिळते. चालायच्या गेममध्ये देखावा स्वच्छ दिसावा म्हणून ते काढून टाकलेलं असतं. वर चालताना पात्राची मान डोलते तसा देखावाही डोलवलेला असतो.

म्हणून पहिलं काम, सेटिंगमध्ये 'हेड बॉब' (हे डोलणं) आणि 'मोशन ब्लर' (हालताना धूसर दिसणं) बंद. मधला ठिपका दाखवायचा पर्याय असेल तर चालू. नसेल तर स्क्रीनच्या मधोमध एक बारीक टिकली लावा. हसू नका, उपयोग होतो. काचेच्या टीव्हीवर टिकली चालते. मॅट मॉनिटरवर तिचा डिंक राहतो, तिथे स्टिकी नोटचा कोपरा कापून लावा.

दुसरं काम 'फील्ड ऑफ व्ह्यू', म्हणजे एका वेळी किती अंशांचा देखावा दिसतो ते. सोफ्यावरून टीव्ही बघणाऱ्यांसाठी हा आकडा अनेकदा लहान ठेवतात. तोच गेम टेबलावर दोन फुटांवरून खेळलात की नळीतून बघत चालल्यासारखं होतं. आडवे ८० ते ९५ अंश बहुतेकांना मानवतात. इथे एक गफलत फार होते: काही गेम आडवा कोन सांगतात, काही उभा. नेहमीच्या रुंद स्क्रीनवर उभे ६० म्हणजे आडवे साधारण ९१, म्हणजे ते ठीकच आहे. कुणीतरी '९० कर' म्हणालं म्हणून तुम्ही उभा कोन ९० केलात तर आडवा १२१ होतो, कडेची झाडं ताणली जातात आणि मळमळ वाढते. स्लायडर ५० ते ७५ च्या आसपास फिरत असेल तर तो उभा कोन आहे असं धरून चाला.

खोलीतला दिवा चालू ठेवा. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, ३० वर स्थिर असलेला बरा, ४० ते ६० मध्ये उड्या मारणारा नको. आणि जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर घाम यातलं काही दिसलं की तिथेच थांबा. 'थोडं सहन केलं की सवय होते' हे उलटं आहे. नेटाने खेळलात तर पुढच्या वेळी पाचव्या मिनिटालाच त्रास सुरू होतो. रोज दहा-दहा मिनिटं वाढवत न्या.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज फुटाळ्याला फिरायला जायचे, आता घरी बसून वैतागून राहिले. असा एखादा गेम लावून देतो म्हटलं, तर त्यांना कंट्रोलरच जमत नाही. आभाळाकडे नाहीतर पायाकडेच बघत राहतात.
— वाचक, धरमपेठ

चूक बाबांची नाही. कंट्रोलरच्या डाव्या काडीने (स्टिकने) चालायचं आणि त्याच वेळी उजवीने बघायचं, हे दोन हातांचं काम आपल्याला लहानपणी बसलं म्हणून सोपं वाटतं. त्यांना सुरुवातीला एकच काडी द्या. २०१९ चा 'अ शॉर्ट हाइक' यासाठी उत्तम. एक छोटा पक्षी, एक डोंगर, माथ्यावर मोबाईलची रेंज. कॅमेरा बहुतेक वेळ गेमच सांभाळतो. वाटेत सोनेरी पिसं गोळा केली की जास्त वर चढता येतं. दोन-चार दिवस नुसतं किनाऱ्यावर हिंडले तरी काही बिघडत नाही.

तो जमला की 'जर्नी'. त्यात कॅमेरा फिरवता येतो, पण फिरवलाच पाहिजे असं नाही. मग पात्राच्या डोळ्यांतून बघायचे गेम. तिथे पहिल्या दिवशी चालायचंच नाही. एका जागी उभं राहून फक्त उजवी काडी: ते झाड दाखवा, ते छप्पर दाखवा. संवेदनशीलता मूळच्या निम्म्यावर आणा. काडी वर ढकलल्यावर ते दर वेळी उलट बघत असतील तर 'इन्व्हर्ट वाय' चालू करून बघा. अनेक ज्येष्ठांना तेच नैसर्गिक वाटतं.

कंट्रोलर घरातला जुना असेल तर एक खात्री करा. हात न लावता देखावा आपोआप सरकतोय का? सरकत असेल तर काडी झिजली आहे. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये 'डेड झोन' (काडी जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो ती हद्द) थोडा थोडा वाढवा, सरकणं थांबेल तिथे सोडा. नाहीतर बाबा समजतील आपलंच चुकतंय आणि कंट्रोलर खाली ठेवतील. बसायची वेळ आणि पायाची ठेवण डॉक्टर सांगतील तशी. गेममधलं चालणं फिजिओथेरपीच्या हिशेबात धरायचं नाही, हे त्यांना आधीच सांगून टाका.

इंग्रजी फारसं कळत नाही. मराठीत काही आहे का?
— वाचक, नंदनवन

भाषाच लागत नाही असे निवडा. 'प्रोटियस', 'जर्नी', 'अब्झू' या तिन्हींत संवाद नाहीत. 'प्रोटियस' (२०१३) दर वेळी नवं बेट बनवतो आणि तुम्ही कुठल्या झाडाजवळून, प्राण्याजवळून जाता त्यावर संगीत बदलतं. एका फेरीत चारही ऋतू होतात. चित्रं ठोकळ्यांची असल्याने जुन्या लॅपटॉपवरही चालतो. 'फायरवॉच' मात्र सध्या बाजूला ठेवा. त्यातली अर्धी गंमत वॉकीटॉकीवरच्या गप्पांत आहे.

मे महिन्यात लॅपटॉप इतका तापतो की गेम अडखळतो. कूलरसमोर ठेवला तर चालेल?
— वाचक, मानेवाडा

अगदी समोर नको. कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक थेंब येतात, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि लॅपटॉपचा पंखा ती हवा आत ओढतो. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच आत बसू द्यायचा का? झोतापासून बाजूला ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. गादीवर ठेवू नका. मागची बाजू दोन वह्यांनी उचला.

बाहेर ४५ अंश असताना आतली उष्णता टाकायला जागाच कमी उरते. प्रोसेसर शंभरीजवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तेच तुमचं अडखळणं. म्हणून उष्णता कमी तयार होऊ द्या. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) फ्रेम रेट ३० ला बांधा. ४० नको, ६० ला ४० ने भाग जात नाही आणि चालताना धक्के बसतात. १२० हर्ट्‌झवर ४० आणि १४४ वर ४८ चालतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं (काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो). मग सावल्या आणि गवताची दाटी कमी करा. दूरचं दिसणं मात्र कापू नका. समोरचा डोंगरच गायब झाला तर चालायचं कशाकडे?

आम्ही तिघं गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेमिनरी हिल्सवर पहाटे फिरायचा गेम बनवून राहिलो आहोत. टेकडी पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, चालणं बर्फावर घसरल्यासारखं वाटतं, आणि सगळं निर्जीव. कुठे चुकतंय?
— तीन विद्यार्थी, हिंगणा रोड

पायऱ्यांची दोन कारणं संभवतात. उंचीचा नकाशा ८ बिट चित्रात साठवला असेल तर उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मिळतात, तो १६ बिट किंवा फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) घ्या. आणि एसआरटीएमच्या, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या, फुकट मिळणाऱ्या माहितीत एक चौकट साधारण ३० मीटरची, उंची पूर्ण मीटरमध्ये. मोठ्या पर्वताला हे चालतं, आपल्या बुटक्या टेकडीला नाही. बायक्यूबिक पद्धतीने (मधल्या उंची वळणदार भरून) एक-दोन मीटरच्या चौकटींवर उतरवा, गुळगुळीत करा आणि पायवाट हाताने कोरा. त्या रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतीही लागलेल्या असतात, तेव्हा नसलेले उंचवटे दिसले तर बिनधास्त दाबा.

घसरण्याचं कारण बहुधा कॅमेऱ्यात आहे. गोडोच्या कॅमेऱ्याचा मूळ कोन ७५, आणि तो उभा. म्हणजे आडवा साधारण १०७. त्यात टेकडी लांब आणि खुजी दिसते, पायाखालची जमीन सुसाट पळते. ५५ करा, आडवा ८६ च्या आसपास येईल. डोळ्यांची उंची १.६ मीटर. माणूस सेकंदाला १.४ मीटर चालतो, पण स्क्रीनवर ते रेंगाळल्यासारखं वाटतं, म्हणून २ ते २.५ ठेवा. बटण सोडल्यावर ०.१५ सेकंदात थांबला पाहिजे. पावलांचा आवाज घड्याळाने वाजवू नका, कापलेल्या अंतराने वाजवा: दर ०.७ मीटरला एक. मुरूम, पाचोळा, डांबर यांचे पाच-सहा वेगळे नमुने, आणि दर वेळी पट्टी किंचित वरखाली.

प्रकाश डिसेंबरचा घ्या. मे अखेरीस नागपुरात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि सगळं सपाट दिसतं. डिसेंबरमध्ये उगवल्यानंतर साधारण पन्नास मिनिटांनी सूर्य दहा अंशांवर असतो. तेव्हा सावली उंचीच्या साडेपाच पटींहून लांब, म्हणजे सहा मीटरच्या झाडाची चौतीस मीटर. तीच वाटेवर आडवी पडू द्या.

निर्जीवपणा आवाजाचा आहे. एकच मिनिटभराची फीत फिरत राहिली की तिसऱ्या फेरीला कान ती ओळखतो. दोन फिती करा, ६१ आणि ८३ सेकंदांच्या. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ५०६३ सेकंद लागतात, चौऱ्याऐंशी मिनिटं. पहाटे वाहनं सुरू व्हायच्या आत रेकॉर्ड करा, माइकला फोम लावा, ८० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. ठळक ओळखू येणारा आवाज फितीत ठेवायचा नाही. सातभाईंचा कलकलाट एका झुडपात बसवा आणि मधली अंतरं अनियमित ठेवा. फक्त डिसेंबरच्या धुक्यात कोकीळ ओरडवू नका, आणि मागे पळस फुललेला दाखवू नका. कोकीळ आणि पळस दोन्ही हवे असतील तर मार्च घ्या, आणि मग धुकं काढा.