मुंबईच्या फोर्ट भागात किल्ला दिसत नाही, मग हे नाव कशावरून पडले?

हे नाव ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, शहराभोवती बांधलेल्या तटबंदीवरून पडले असून ती तटबंदी १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडण्यात आली. जुने मुंबईकर या भागाला ‘कोट’ म्हणत, ते याच अर्थाने. तटाला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट असे तीन मुख्य दरवाजे होते. त्यांपैकी चर्चगेट हा दरवाजा, १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे नेणारा म्हणून त्या नावाचा, आजच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास होता. त्यामुळे चर्चगेट स्थानकाजवळ त्याच्या खुणा शोधणे व्यर्थ आहे. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर कोटाबाहेरील वस्ती झपाट्याने वाढली आणि पुढे तटाचे लष्करी प्रयोजनही उरले नाही. वाढत्या शहराला तो केवळ अडसर ठरला. मात्र सारेच नाहीसे झाले, असे म्हणता येणार नाही: सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात भिंतीचा एक तुकडा आजही उभा आहे, पण तो मूळ तटाचा नसून नंतर, १७६९ मध्ये, जोडलेल्या फोर्ट जॉर्जचा आहे.