वाचक विचारतात: देहान्ताची शिक्षा ग्रंथात, पण न्यायालयात?

प्रश्न: तोरामध्ये, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, खून, मूर्तिपूजा, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) मोडणं अशा कितीतरी अपराधांना देहान्त सांगितला आहे. मग यहुदी न्यायालयं सर्रास अशी शिक्षा देत होती का?

उत्तर: शिक्षा रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, खोडली नाही, पण तिच्यापर्यंत पोचण्याची वाट फार अरुंद करून ठेवली. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या कायदेसंग्रहाप्रमाणे असा खटला २३ न्यायाधीशांपुढे चालतो. प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार हवेतच. शिवाय आरोपीला आधी बजावलेलं असलं पाहिजे, आणि ‘ठाऊक आहे, तरी करतो’ म्हणून त्याने ते केलेलं असलं पाहिजे. कबुलीजबाबावर शिक्षा होत नाही. रक्ताने माखलेली तलवार हातात आणि समोर तडफडणारा माणूस, एवढं दिसलं तरी वार पाहिलेला नसेल तर ती साक्ष नव्हे.

साक्ष बहुधा उलटतपासणीत कोसळते. साक्षीदारांना वेगवेगळं बोलावून वर्ष, महिना, तारीख, वार, तास, जागा वगैरे ७ ठरलेले प्रश्न विचारतात. एकाने दुसरा तास सांगितला, दुसऱ्याने तिसरा, तर चालतं. तासाची चूक कुणाचीही होते. पण पाचवा आणि सातवा? दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. पाचव्या तासाला सूर्य पूर्वेला, सातव्याला पश्चिमेला असतो. तिथे गफलत होणं शक्य नाही, म्हणून साक्ष बाद.

सुटकेला एका मताचं आधिक्य पुरतं, दोषी ठरवायला दोन मतांचं लागतं. सुटका त्याच दिवशी जाहीर होते. दोषी ठरवायचं तर रात्र मध्ये जाऊ द्यावी लागते, म्हणूनच शब्बाथच्या आदल्या दिवशी असा खटला घेत नाहीत. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद तर म्हणतो, सगळ्यांनी एकमुखाने दोषी ठरवलं तर आरोपी सुटतो, कारण त्याची बाजू कुणी मांडलीच नाही.

प्रश्न: निकालानंतर काही वाट उरते का?

उत्तर: उरते. न्यायालयाच्या दाराशी एकजण फडकं घेऊन उभा, आणि तो दिसेल इतक्या अंतरावर घोडेस्वार. नवा मुद्दा सुचला की फडकं हलतं, स्वार दौडत जाऊन आरोपीला वधस्थळी नेणारी मिरवणूक थांबवतो. आरोपीच्या बोलण्यात तथ्य असेल, तर त्याला चार-पाच वेळाही परत आणतात.

प्रश्न: मग खुनी मोकाट सुटणार नाहीत का?

उत्तर: हा वाद मिश्नातच आहे. सात वर्षांत एकाला मारणारं न्यायालय घातकी, असं एक मत. रब्बी एलाझार बेन अझारिया म्हणतात, सत्तर वर्षांत एक. रब्बी तार्फोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही न्यायालयात असतो तर कुणीच मेला नसता. त्यावर शिमोन बेन गम्लिएल यांचं रोखठोक उत्तर: अशाने रक्त सांडणारे वाढतील. आम्हाला हा आक्षेप हलका वाटत नाही. मिश्नालाही वाटला नसावा: साक्षीदारांअभावी सुटणाऱ्या खुन्याला कोठडीत डांबण्याची तरतूद त्यातच आहे.