दाढेला कोणती कॅप टिकेल?

प्रश्न : माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल झालं आहे. कॅपसाठी डॉक्टरांनी मेटल-सिरॅमिक, झिरकोनिया आणि लिथियम डायसिलिकेट असे तीन पर्याय दिलेत. थोरल्या बहिणीच्या मेटल-सिरॅमिक कॅपचा काही वर्षांतच टवका उडाला, म्हणून धास्ती वाटते. त्यातून मला झोपेत दात खायची सवय आहे. सगळ्यांत जास्त कोणती टिकेल? आणि झिरकोनियाने समोरची दाढ झिजते, हे खरं का?

उत्तर : तुमची दाढ मी पाहिलेली नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मी झिरकोनिया निवडीन, तेही एकसंध. आत झिरकोनिया आणि वर पोर्सिलिनचा थर अशीही कॅप मिळते, ती नको. टवका उडतो तो या थराचाच. तुमच्या बहिणीचंही बहुधा तेच झालं असावं, आतला धातू शाबूत आणि वरचं पोर्सिलिन गेलं.

वाकवून मोडायच्या चाचणीत हे पोर्सिलिन १०० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास तुटतं, लिथियम डायसिलिकेट ४०० च्या आसपास, तर दाढांसाठीचं अपारदर्शक झिरकोनिया साधारण १००० पर्यंत तग धरतं. त्यात तडा जाऊ लागला, की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि तडा तिथल्या तिथे आवळून धरतात. मला या पदार्थाचं अजूनही कौतुक वाटतं. मात्र पुढच्या दातांसाठी जे जास्त पारदर्शक झिरकोनिया बनवतात, त्यात हा गुण फारच कमी असतो. तेव्हा कोणतं झिरकोनिया वापरणार, हेही विचारून घ्या. लिथियम डायसिलिकेट दिसायला फार सुंदर, पुढच्या दाताला मी तेच सुचवते. पण दात खाणाऱ्याच्या दाढेला नाही.

समोरची दाढ झिजते ती खरखरीत झिरकोनियाने. नीट पॉलिश केलेलं झिरकोनिया समोरच्या दाताला पोर्सिलिनपेक्षा कमी झिजवतं. कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि उंच लागणारा भाग घासतात. घासलेल्या जागेची चकाकी तिथेच जाते. ती जागा पुन्हा पॉलिश करून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. जीभ फिरवून पाहा, खरखर लगेच कळते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला कळकळीने सांगायचं आहे ते. जुन्या कॅप मी काढते, त्यांतल्या बऱ्याच मोडलेल्या नसतात. कॅप अखंड हातात येते आणि आतली दाढ तपकिरी, भुसभुशीत झालेली असते, उपकरणाचं टोक लावलं तरी खपली निघते. कीड शिरलेली असते कडेतून, कॅप आणि दात जिथे मिळतात त्या हिरडीलगतच्या रेषेतून. रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस काढलेली असते, त्यामुळे आत कीड पसरली तरी ठणका लागत नाही. म्हणून डॉक्टरांना हे नक्की विचारा : हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात शिल्लक आहे का? कॅपची पकड त्यावरच असते. तेवढा नसेल, तर आधी त्याचा उपाय करायला हवा. नाहीतर झिरकोनियाची कॅपसुद्धा निघून येईल, किंवा दाढच मुळाशी मोडेल.

कॅप बसली, की दोन दातांच्या फटीतून रोज फ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवा आणि तपासणीला जाल तेव्हा ती कड पाहायला सांगा. दात खाण्याच्या सवयीसाठी नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, तुम्हाला लागेलच. त्याचं माप मात्र नवी कॅप बसल्यावरच द्या, आधी केलेला गार्ड त्या दाढेवर बसणार नाही.