सेट हातात आणि रिव्हरवर ऑल-इन समोर: टाकायचा की बघायचा?

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच घोळ आहे. हात चांगला लागला, शेवटच्या पत्त्यावर समोरच्याने अचानक मोठी रक्कम लावली, आणि "एवढा हात टाकवला नाही" म्हणून तेवढेच पैसे घालून कॉल केला. म्हणून आज पोकरच्या नो-लिमिट होल्डेम प्रकारातल्या या एकाच प्रसंगावरचे प्रश्न घेतो. (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि बोर्डवर सगळ्यांचे पाच उघडे : आधी फ्लॉपचे तीन, मग टर्नचा चौथा, शेवटी रिव्हरचा पाचवा.)

प्रश्न : चार एकसारखे पत्ते (क्वाड्स) लागले तर कधी टाकावेत का? (नाशिक)

नाही. 2008 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये चार इक्के रॉयल फ्लशपुढे, म्हणजे सगळ्यात मोठ्या हातापुढे हरले, ते खरं आहे. तरीही टाकू नका.

प्रश्न : कॉल करायला किती टक्के जिंकण्याची शक्यता लागते? (ठाणे)

समोरच्याने अर्धा पॉट (मध्ये जमलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम) लावला तर 25 टक्के, पूर्ण पॉट लावला तर 33, दुप्पट लावला तर 40. एवढं पाठ करा.

प्रश्न : पणजीत कॅसिनोच्या बोटीवर 100-200 च्या टेबलवर होतो. माझ्याकडे इस्पिक आणि चौकट अठ्ठी. फ्लॉप : किलवर बादशहा, बदाम अठ्ठी, किलवर चव्वी. टर्न चौकट राणी, रिव्हर किलवर दुर्री. प्रत्येक वेळी मीच लावत होतो. रिव्हरवर 9,000 च्या पॉटमध्ये 6,000 लावले, तर समोरच्या साठीच्या गृहस्थांनी 22,000 चा ऑल-इन केला, म्हणजे जवळचे सगळे लावले. तीन तासांत त्यांनी एकदाही रेझ केला नव्हता (समोरच्याहून जास्त लावलं नव्हतं). मित्र म्हणतात, सेट (हातातल्या जोडीला बोर्डवर तिसरा तसाच पत्ता) कधी टाकायचा नसतो. मी कॉल केला, हरलो. चुकलं का? (पुणे)

चुकलं. आणि मित्रांचं वाक्य त्याहून चुकीचं आहे. ही तीन पत्तीची सवय आहे. तिथे ट्रेल (तीन सारखे पत्ते) 425 डावांत एकदा येते, म्हणून ती टाकणं वेडेपणा ठरतो. होल्डेममध्ये हातात जोडी असेल तर साधारण साडेआठ वेळांत एकदा फ्लॉपवरच सेट लागतो, आणि समोरचाही सात पत्त्यांतून पाच निवडत असतो. हाताचं नाव मोठं असलं म्हणजे हात मोठा होत नाही.

आता हिशेब करू. तुम्हाला आणखी 16,000 घालायचे होते. घातल्यावर पॉट 53,000 चा झाला असता. 16 भागिले 53, म्हणजे साधारण 30 टक्के वेळा तुम्ही पुढे असायला हवं.

तुम्हाला हरवणाऱ्या मुख्य जोड्या मोजा, म्हणजे समोरच्याच्या हातातले असे दोन पत्ते, ज्यांनी एकाच रंगाचे पाच पत्ते (फ्लश) जमून तुमचा सेट हरतो. बोर्डवर तीन किलवर, बाहेर दहा. किलवर इक्का आणि सोबत दुसरं कुठलंही किलवर : नऊ जोड्या. राणी-गुलामापासून छक्की-पंजीपर्यंत लागोपाठच्या किलवर जोड्या : सात. झाल्या सोळा. यातल्या बहुतेक जोड्या फ्लॉपवर चार किलवर धरून कॉल करत येतात, म्हणजे त्यांची खेळी तुम्ही पाहिली तशीच दिसते.

तुमच्याहून हलके हात कोणते? चव्वीचा सेट, तीन जोड्या. बादशहा-राणी, नऊ जोड्या. सोळांपुढे 30 टक्के गाठायला साधारण सात हलक्या जोड्या लागतात. चव्वीचे तिन्ही सेट धरले तरी बादशहा-राणीच्या नऊपैकी चार जोड्यांनी तिसरं किलवर पडल्यावर सगळे पैसे घालायला हवेत. तीन तास गप्प बसलेला माणूस बादशहाची आणि राणीची जोडी एवढ्यावर ते करेल का? तो कॉल करेल, आणि तोही नाइलाजाने.

म्हणून "माझा हात किती मोठा?" हा प्रश्न इथे कामाचा नाही. "माझ्याहून हलका कोणता हात असे पैसे घालेल?" हे विचारा, आणि बोटांवर मोजून उत्तर द्या. मोजता आलं नाही, तर फोल्ड, म्हणजे टाका.

आणखी एक बारकावा, जो कुणी बघत नाही. तुमच्या दोन अठ्ठ्यांत किलवर अठ्ठी असती, तर इक्का-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी आणि अठ्ठी-सत्ती या तीन किलवर जोड्या बाद झाल्या असत्या. सोळाच्या तेरा. तरीही या गृहस्थांसमोर मी टाकलाच असता. समोर एखादा आक्रमक तरुण असता, जो नुसता किलवर इक्का हातात धरून ब्लफ मारतो, तर गणित बदललं असतं. म्हणून माझं हे उत्तर पाठ करून दुसऱ्या टेबलवर वापरू नका. रकमा, जागा आणि माणूस यांसह डाव त्याच रात्री लिहून ठेवा, आणि तुमच्याहून बरं खेळणाऱ्याला दाखवा. दाखवताना शेवटी काय निघालं ते सांगू नका, नाहीतर तो तुम्हाला बरं वाटेल तेच बोलेल.

प्रश्न : समोरच्याचे हात थरथरत होते, म्हणजे ब्लफच ना? (सोलापूर)

बहुधा उलट. मोठा हात लागला की साठलेला ताण सुटतो आणि बोटं कापतात. पण काहींचे हात एरवीही कापतात. पहिल्या तासात बघून ठेवा.

प्रश्न : वरची जोडी टाकली आणि त्याने ब्लफ दाखवला. सगळे हसले. तेव्हापासून काहीच टाकवत नाही. (कोल्हापूर)

2003 च्या वर्ल्ड सिरीजच्या अंतिम लढतीत सॅमी फार्हा यांच्याकडे राणी-नव्वी होती, नव्वीची वरची जोडी. ख्रिस मनीमेकर यांच्याकडे बादशहा-सत्ती, आणि त्यांचे फ्लश आणि स्ट्रेट (लागोपाठचे पाच पत्ते) दोन्ही हुकलेले. रिव्हरवर मनीमेकर यांनी ऑल-इन केला, फार्हा यांनी पुष्कळ विचार करून टाकला, आणि विजेतेपद मनीमेकर यांना मिळालं. इतका मुरलेला खेळाडूही कधी चुकीचा फोल्ड करतो. कधीच ब्लफ खायचा नाही असं ठरवलंत, तर प्रत्येक खऱ्या हाताला पैसे मोजाल. तो पत्ते दाखवतो तेच मुळी पुढच्या वेळी तुम्ही चिडून कॉल करावा म्हणून. महिनाभर छोट्या टेबलवर बसा, आणि टाकलेला प्रत्येक मोठा हात कुणा जाणत्याबरोबर तपासा.

प्रश्न : टेलिग्रामवर एक जण "रिव्हर सिक्रेट्स" कोर्स विकतो, सोबत परदेशी अ‍ॅपवर यूपीआयने चिप्स देतो. घ्यावा का? (नवी मुंबई)

अजिबात नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि देशातल्या नावाजलेल्या अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं बंद केली. त्यानंतर हे दलाल उगवले आहेत. पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? आणि जो शिकवतो तोच चिप्स विकतो, त्याला तुम्ही फोल्ड शिकलेले परवडणार आहे का? आधी पैसे भरले असतील तर आज वकिलाला भेटा, पुढच्या आठवड्यात नको. घरी पैसे लावून खेळणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे.

प्रश्न : मोठा हात हरल्यावर लगेच वसूल करायला बसतो. दोन वेळा पर्सनल लोन काढलं. फोल्ड शिकलो तर हे थांबेल का? घरी अजून सांगितलेलं नाही. (छत्रपती संभाजीनगर)

नाही थांबणार. हा पत्त्यांचा प्रश्न नाही, आणि मी त्यातला जाणकार नाही. टेबलवर जाणं आजपासून बंद करा, आणि "हा हप्ता फिटला की घरी सांगतो" म्हणत थांबू नका. आज रात्री बायकोला किंवा भावाला कर्जाचा खरा आकडा सांगा. मग टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. मला पुन्हा लिहिलंत तर आनंदच आहे, पण आधी तो फोन.