मत मांडायच्या आधी तासभर थांब्यावर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

‘मुंबईला मेट्रो हवी की बस’ हा तुझा लेख मनापासून लिहिलेला आहे, पण त्यात एकही मिनिट मोजलेलं नाही. वाहतुकीवर मत द्यायचं तर हातात घड्याळ लागतं. त्याशिवाय वही, पेन्सिल आणि एका जागी तासभर उभं राहायची तयारी.

सुरुवात बसपासून कर. शिव्या सगळ्यात जास्त तिलाच बसतात आणि तिचं गणित सगळ्यात कमी लोक मांडतात. मार्गाचा पहिला थांबा घेऊ नकोस, तिथे बस बहुधा वेळेवरच सुटते. दोन-चार सिग्नल आणि एखादा बाजार ओलांडून बस जिथे पोचते, तो मधला थांबा घे. वहीत चार रकाने आख: बसक्रमांक, थांबल्याची वेळ सेकंदांसकट, सुटल्याची वेळ आणि चढता न आल्यामुळे मागे राहिलेली माणसं. हा चौथा रकाना सहसा कोणी भरत नाही आणि नेमकी गोम तिथेच असते. समोरच्या पाटीवर लांबून १ आणि ९ यांची गफलत होते, तेव्हा बस जवळ आली की पुन्हा वाच.

आता समज, तासाला सहा बस आहेत. दर १० मिनिटांनी एक आली, तर कधीही थांब्यावर येणाऱ्याला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा बस जोडीजोडीने, दर २० मिनिटांनी दोन अशा आल्या, तर तेच थांबणं १० मिनिटांवर जातं. बस तेवढ्याच, पगार तेवढेच, पण थांब्यावरच्या माणसाला सेवा निम्मीच मिळाली. जोड्या जुळतात कशा? पुढची बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते. मागून येणारीला थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती हिला गाठते. एकच दार असलेल्या छोट्या बसमध्ये हे लवकर घडतं, कारण उतरणारे आणि चढणारे त्याच दारात अडतात. उपाय साधा आहे, पण लोकांना आवडत नाही: मागची बस मधल्या एखाद्या थांब्यावर मिनिट-दोन मिनिटं रोखून धरायची. त्यामुळे ‘बस वाढवा’ लिहिण्याआधी, आहेत त्या सारख्या अंतराने येतात का ते वहीत बघ.

मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. त्यावर जरूर लिही, पण भाड्याशेजारी थांबण्याची मिनिटंही मांड. जास्त पैसे मोजून माणूस शेअर रिक्षात का बसतो, ते त्यातून कळेल.

लेखातल्या तुझ्या डबलडेकरच्या प्रेमाबद्दल एकच सांगतो. जुनी डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली आणि हळहळ वाटणं साहजिकच आहे. पण तिला वरच्या आणि खालच्या मजल्यावर वेगळा कंडक्टर लागायचा आणि जिन्यावर चढणारे-उतरणारे एकमेकांना अडायचे. नव्या विजेवरच्या डबलडेकरला दोन दारं आणि दोन जिने आहेत. थांब्यावर किती सेकंद गेली ते मोज आणि मग तुलना कर.

लोकलकडे वळताना आधी फलाटावरचा इंडिकेटर, म्हणजे येणाऱ्या गाडीची पाटी, वाचायला शीक. मध्य रेल्वेवर ‘एस’ हे अक्षर दोन कामं करतं: ठिकाणाच्या जागी असेल तर कर्जत, वेगाच्या जागी असेल तर स्लो. ‘एन’ म्हणजे कसारा. दादरला मोजणी करणार असशील, तर डिसेंबर २०२३ पासूनचे फलाट क्रमांक धर: पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं, दोन तास चालतं, तेवढा वेळ पुरतो.

मोजायचं काय? गाडी थांबल्यापासून हलेपर्यंतची सेकंदं. एसी लोकल दारं लागल्याशिवाय हलत नाही, साध्या लोकलला ते बंधन नाही. दर स्थानकावर १० सेकंद वाढली, तर २५ स्थानकांत चार मिनिटांहून जास्त उशीर साठतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं लोकलमधून पडली, त्या अपघातानंतर नव्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. निर्णय योग्यच आहे. मात्र वेळापत्रक जुनंच ठेवून दारं बसवली, तर गाड्या एकमेकींच्या मागे तुंबतील.

‘फेऱ्या वाढवा’ म्हणणाऱ्याने चर्चगेटला अर्धा तास उभं राहावं. फलाट चारच. समज, एका गाडीने आत येणं, रिकामं होणं, भरणं आणि पुढच्या गाडीला वाट मोकळी करून देणं यात फलाट ८ मिनिटं अडकला, तर तासाला ३० गाड्या निघतात. तीच ८ मिनिटं १० झाली की २४. शिवाय सुटणारी गाडी सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, ओलांडत असताना येणारीला बाहेर लाल सिग्नलपाशी थांबावं लागतं. म्हणून १२ डब्यांच्या जागी १५ डब्यांची गाडी हा मला जास्त पटणारा मार्ग: फेऱ्या तेवढ्याच आणि जागा २५ टक्के जास्त. अडचण फलाटाची आहे. १५ डब्यांना तीनशे मीटरहून लांब फलाट हवा, आणि तो लांबवायचा तर सिग्नल आणि सांधेही सरकवावे लागतात.

मेट्रोबद्दल तू लिहिलं आहेस की ती लोकलच्या रुळांवर चालवावी. ते जमणार नाही. दोघींच्या तारेत वीज २५,००० व्होल्टचीच आहे, पण लोकलच्या रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर आणि मेट्रोचं १,४३५. एकाच रुळाचं स्वप्न सोड आणि गाडी बदलण्याची जागा तपास. घाटकोपरला लोकलच्या दारातून उतरल्यावर घड्याळ चालू कर आणि मेट्रोच्या दारात पाय पडला की बंद कर. जिना, तिकिटाची रांग, तपासणी आणि गाडीची वाट यांची वेळ वेगवेगळी लिही. मग हेच मरोळ नाक्याला मेट्रो १ वरून मेट्रो ३ वर जाताना कर. वेळ सगळ्यात जास्त कुठे गेला ते आकडेच सांगतील, आणि बहुतेक वेळा तो गाडीच्या वेगात गेलेला नसतो.

पिवळ्या रेषेच्या मागे उभा राहा. दारात लटकून मोजमाप नको, रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली तो गुन्हा आहे.

पहिली मोजणी मंगळवार ते गुरुवार यांपैकी एका दिवशी, सकाळी ८ ते १० मध्ये कर. रविवारी दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद ठेवतात: मध्य रेल्वेवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक. तेव्हा फास्ट गाड्याही स्लो मार्गावरून जातात आणि आकडे बिघडतात. रविवारचं पान वेगळं ठेव.

कळावे.