कोरियनमध्ये ‘येते’ कसं म्हणायचं?

प्रश्न असा आहे की कोरियन मैत्रिणीच्या घरून निघताना ‘चल, येते गं’ म्हणायचं होतं, ॲपने ‘वायो’ दिलं, ते चालेल का. नाही चालणार. वायो म्हणजे येते हे बरोबर आहे, पण ती दाराकडे बघेल, कोण येतंय म्हणून.

आपल्याकडे ‘जाते’ म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, जाते नाही, येते म्हण. कोरियनमध्ये हा संकेत नाही, निघताना सरळ ‘काल्केयो’ म्हणजे जाते म्हणायचं, कुणाला अशुभ वाटत नाही. जरा नरमाईने म्हणायचं तर ‘का बोल्केयो’. यातलं ‘बो’ म्हणजे बघणे, आणि हे क्रियापद ते अगदी आपल्यासारखं दुसऱ्या क्रियापदाला जोडतात, ‘मॉगॉ बोसेयो’ म्हणजे शब्दाला शब्द ‘खाऊन बघा’! फक्त ‘का बोल्केयो’चा अर्थ ‘जाऊन बघते’ असा होत नाही, तिथे ते नुसतं ‘बरं, निघते हं’ इतकंच. आणि येतो-येते हा फरकच नाही, बाई असो की पुरुष, रूप एकच.

गंमत म्हणजे आपलं ‘जाऊन येते’ मात्र त्यांच्याकडे जसंच्या तसं आहे. ‘तान्यॉ ओल्केयो’. पण हे स्वतःच्या घरून शाळेला, ऑफिसला, बाजारात निघताना, जिथे परत यायचंच आहे तिथे. मैत्रिणीच्या घरून निघताना नको. घरचे उत्तर देतात ‘तान्यॉ ओसेयो’, जाऊन या.

निरोपाचे शब्दही दोन आहेत आणि सुरुवातीला सगळ्यांची इथेच गडबड होते (माझी अजून होते). जो जातोय त्याला ‘आन्न्यॉंगही कासेयो’, सुखरूप जा, आणि जो मागे थांबतोय त्याला ‘आन्न्यॉंगही केसेयो’, सुखरूप राहा. म्हणजे दुकानातून निघताना तुम्ही केसेयो म्हणायचं, दुकानदार कासेयो म्हणणार, आणि रस्त्यात भेटून दोघं आपापल्या वाटेने निघालात तर दोघांनी कासेयो. मैत्रीण तुमच्याच वयाची असेल तर एवढं सगळं कशाला, ‘आन्न्यॉंग’ पुरे, भेटतानाही तेच.

आता उलटा घोळ. आईने हाक मारली की आपण ‘आले आले’ म्हणतो, कोरियन पोरगी म्हणेल ‘कायो’, म्हणजे जातेय! कारण तिथे बोलणाऱ्याच्या जागेवरून हिशोब, मी इथून तिकडे जातेय ना, मग जाणंच. फोनवर ‘पाच मिनिटांत येते’ म्हणतानासुद्धा काल्केयोच.

उच्चार देवनागरीत अंदाजेच लिहिलेत, तान्यॉमधला त हा त आणि दच्या मधला आहे, ऐकून घ्या.

आणि ते ‘वायो’ अगदीच टाकून देऊ नका, पावसाला लागतं. ‘पीगा वायो’, पाऊस येतोय. त्यांचाही पाऊस येतोच, आणि बर्फसुद्धा.